शेरीफच्या घरी लाईट शेवटी

लहानपणाचं माझं मागं लिहून झालं. शाळा सातवीत सुटली, वीज मंडळात खांबावर चढायला लागलो, लग्न झालं, तिथं ते संपलं असं रश्मीचं म्हणणं. रश्मी म्हणजे माझी सून. माझं हे गिचमिड अक्षर तीच टाइप करते. परवा म्हणाली, "बाबा, अमेरिकेचं हे प्रकरण मोठं होण्याच्या गोष्टीत कसं बसणार? तेव्हा तर तुम्ही रिटायर होऊन आला होता." मी म्हटलं, बसव. दाढा पडायला लागल्यावर मी मोठा झालो, त्याला मी काय करू? रस्ता ओलांडायला, दुकानात बोलायला, बर्फावर पाय टाकायला, सगळं नव्यानं शिकलोय. पोरासारखा रुसलोसुद्धा आहे. आणि ज्या उन्हाळ्याचं हे सांगतोय त्या उन्हाळ्यात माझी बायको लीला जिवंत होती. एवढं कारण मला पुरे आहे.

न्यूयॉर्कचे ते दोन मनोरे पडल्यानंतरचे दिवस होते. विमानतळावर बूट काढायला लावायचे, आणि माझ्या मिशांकडं लोक जरा जास्त वेळ बघायचे. आमचा मुलगा प्रमोद वॉशिंग्टन राज्यात, डोंगरापलीकडच्या कोरड्या बाजूला, मोठ्या नदीवरच्या एका धरणाच्या ऑफिसात नोकरीला होता. गाव एवढंसं. खाली नदी, वर पठार, पठारावर नजर पोचेल तिथपर्यंत गहू, आणि नदीकाठानं सफरचंदाच्या बागा. किराणा आणायचा तर डोंगर ओलांडून बेलव्ह्यूला जावं लागायचं. महिन्यातून एकदा प्रमोद गाडी काढायचा आणि ज्वारीचं पीठ, हरभराडाळ, कढीपत्ता असं सगळं भरून आणायचा. परत येताना घाटात लीलाला झोप लागायची आणि तिच्या मांडीवर कोथिंबिरीच्या जुड्या असायच्या. गाडीत तो वास, बाहेर काळी उंच झाडं, आणि एकदम झाडं संपून पिवळं पठार सुरू व्हायचं. जाग आली की ती दर वेळी विचारायची, "आलं का आपलं?" आपलं म्हणायची. मी ते ऐकायचो, पण कानापर्यंतच.

त्या उन्हाळ्याचे आवाज मला अजून ऐकू येतात. सकाळी बागांतून पाण्याचे फवारे फिरायचे, चक् चक् चक् चक्, आणि मधेच वाऱ्याची दिशा बदलली की गप्प. दुपारी मालगाडी यायची. तिचा भोंगा नदीच्या दोन्ही काठांवर आपटून आमच्या खिडकीत शिरायचा तोवर अर्धा झालेला असायचा. आणि संध्याकाळी लीलाच्या भाकरीचा आवाज. इथल्या ओट्यावर परात ठेवून ती भाकरी थापायची, आणि भाकरी फुगून जरा करपली की छतावरची धुराची घंटी कोकलायला लागायची. मग मी खुर्चीवर चढून तिच्याखाली टॉवेल हलवायचो. "अहो, जन्मभर खांबावर चढलात, आता खुर्चीवर चढा," ती म्हणायची. दिवस मावळायला इथं उन्हाळ्यात फार उशीर. जेवणं होऊन भांडी घासून झाली तरी अंगणात ऊन असायचं, पिवळं, आडवं, जसं काही कुणी ते उचलायचं विसरलंय.

सगळं बरं होतं आणि मला इथं राहायचं नव्हतं. प्रमोदनं कायमचे कागद करून दिले होते, तरी मी सांगून टाकलं होतं, दिवाळीच्या आत आम्ही गावी परत जाणार, आणि परत येणार नाही. तिकिटं काढून झाली होती. मला सांगा, गाडी चालवता येत नाही, भाषा येत नाही, मी करणार काय? माझं निम्मं इंग्रजी खांबावर शिकलेलं. पोल, लाईन, लोड, ट्रिप, फ्यूज. त्यावर किती दिवस काढणार? गावी मी दारात बसलो तर येणारा-जाणारा थांबतो. इथं येणारा-जाणाराच नाही. लीलाला मी विचारलं नव्हतं. आमच्यात विचारायची पद्धत नव्हती. मी बोललो की ते दोघांचं झालं, असं तीस-पस्तीस वर्षं चाललेलं. तीही काही म्हणाली नाही.

शेजारी मार्था राहायची. ऐंशीच्या पुढची, वाळून काटकी झालेली, पण आवाज खणखणीत. तिचं घर गावातलं सगळ्यात जुनं, तिच्या आजोबांच्या वेळचं, लाकडी, पुढं रुंद व्हरांडा. लीलाला इंग्रजी शून्य आणि मार्थाला मराठी शून्य, आणि दोघी कुंपणाशी उभ्या राहून तास-तास बोलायच्या. ही भेंडी दाखवायची, ती टोमॅटो दाखवायची. ही गुडघ्याला हात लावून तोंड वाकडं करायची, ती कंबरेला. सकाळी मी चहा पीत असलो की कुंपणापलीकडून मार्थाची हाक यायची, "गोडा! गोडा!" आणि ही हातातलं टाकून जायची. मी चार-सहा वेळा ऐकलं आणि माझ्या डोक्यानं हिशेब केला. हिनं त्या बाईला आमटी नेऊन दिली होती, ती बाईला आवडलेली दिसतेय, म्हणून गोडा मसाला मागतेय. मी रश्मीला म्हटलं, "अगं, ती म्हातारी रोज मसाला मागते आणि तुम्ही कुणी देत नाही, बरं दिसतं का?" मीच एक बाटली भरून कुंपणावरून दिली. मार्थानं ती उघडून वास घेतला, डोळे मिटले, थँक यू थँक यू केलं, आणि दुसऱ्या दिवशी आमच्याकडं सफरचंदाचा पाय, म्हणजे सफरचंदाचं गोड सारण भरून भाजलेला त्यांचा पदार्थ, आला तो गोडा मसाला घातलेला. प्रमोद खाऊन म्हणाला, "बाबा, हे काय केलंत?" लीला एवढी हसली की तिला खाली बसावं लागलं. का हसली ते काही सांगेना.

या गावात उन्हाळ्याच्या शेवटी जुन्या लोकांची जत्रा भरते. नदीकाठी टेबलं मांडतात, मक्याची कणसं भाजतात, आणि गाव वसवणाऱ्यांच्या गोष्टी माइकवर सांगतात. त्यात दर वर्षी एक गोष्ट मार्थाच्या आजोबांची. ते इथले पहिलेवहिले शेरीफ, म्हणजे आपल्याकडचे फौजदार, पण लोकांनी निवडलेले. त्या वर्षी ती गोष्ट मार्थानंच सांगायची होती, आणि तिची नजर गेल्यामुळं तिला वाचून दाखवता येणार नव्हतं. म्हणून संध्याकाळी ती व्हरांड्यात झुलत्या खुर्चीत बसून गोष्ट तोंडपाठ करायची, आणि ऐकायला आम्ही. रश्मी मराठीत करून सांगायची. लीलानं त्या माणसाचं नाव ठेवलं होतं शेरीफआजोबा.

शेरीफआजोबा आले तेव्हा पठारावर कुंपण नव्हतं, गहू नव्हता, नुसतं गवत आणि घोडे. चोरीला जायचे ते घोडेच. त्यांना लोकांनी शेरीफ निवडलं ते बंदुकीसाठी नाही, कुणाचा घोडा कुठला हे त्यांना चालीवरून कळायचं म्हणून. तुरुंग म्हणजे त्यांच्याच घरामागची एक खोली. कैद्यांचं जेवण शेरीफची बायको रांधायची आणि फटीतून आत सरकवायची. मार्था म्हणाली, एकदा एका घोडेचोराच्या मागावर ते नदीपर्यंत गेले. पहाटेचं दाट धुकं. पलीकडं जायला एकच मोठा तराफा, तो पलीकडच्या काठाला. इकडच्या काठावर चोर उभा, आणि त्याच्या शेजारी शेरीफ. दोघांनाही दुसरीकडं जायला वाट नाही. दोघं धुक्यात उभे, एका पुडीतली तंबाखू खात. शेरीफनं विचारलं, भूक लागली का? चोर म्हणाला, हो. मग तराफा यायच्या आधीच दोघं मागं फिरले आणि शेरीफच्या बायकोनं दोघांना जेवायला वाढलं. जेवून झाल्यावर चोर आपणहोऊन मागच्या खोलीत जाऊन बसला.

"वेळी-अवेळी यानं कुणालाही दारात आणून उभं करायचं, आणि हिनं चुलीपुढं बसायचं," लीला म्हणाली. माझं लक्ष धुक्यात होतं. मला तो काठ दिसत होता. अजून दिसतो. तेव्हापासून पहाटे नदीवर धुकं आलं की मी बघतो, दोन माणसं उभी आहेत का.

पुढं रेल्वे आली, टेलिफोन आला, वीज आली. कंपन्या मनाला येईल ते दर लावायच्या, मनाला येईल तिथं तार न्यायच्या. मग राज्यानं चार माणसं नेमली, दर ठरवायला आणि कंपन्यांना जाब विचारायला. त्यात शेरीफआजोबांना घेतलं, का, तर हा माणूस घाबरत नाही. मार्था म्हणाली, ते कमिशनर झाले. मी विचारलं, "किती खायचे?" रश्मीनं ते इंग्रजीत केलंच नाही. "बाबा, कमिशन म्हणजे ते नाही! आयोग!" मला काय माहीत? आमच्याकडं कमिशन म्हटलं की ते खातात. असा हा कमिशनर डबा घेऊन रेल्वेनं राज्यभर फिरायचा, गावोगावच्या शाळेत बसायचा आणि शेतकऱ्यांची गाऱ्हाणी ऐकायचा. डबा अर्थात बायकोनं भरलेला.

ज्या संध्याकाळचं मला सांगायचंय त्या संध्याकाळी मार्था गोष्टीच्या शेवटाला आली. उद्या-परवावर जत्रा होती. वारा पडला होता. गव्हाची कापणी होऊन पठारावर धूळ तरंगत होती आणि तिच्यामुळं सगळं आभाळ गुळाच्या रंगाचं झालं होतं. मार्था सांगत होती, गावात वीज आली तेव्हा कंपनीचे लोक सगळ्यात आधी शेरीफआजोबांच्या दारात आले. तुमच्याकडं पहिला दिवा लावतो म्हणाले. आजोबांनी त्यांना पायरीवरूनच परत लावून दिलं. म्हणाले, पठारावरच्या शेवटच्या शेतात दिवा लागेल तेव्हा माझ्याकडं तार आणा, त्याआधी नाही. उद्या कुणी म्हणायला नको की याला दिव्यानं विकत घेतलं. कमिशनरकी संपली, म्हातारे झाले, गावातल्या सगळ्या घरांत वीज आली, तरी ते शब्दावरून हलले नाहीत. पठारावरचं शेवटचं शेत फार लांब होतं.

मी मांडीवर थाप मारली. "याला म्हणतात माणूस!" मी जन्म काढलाय त्या खात्यात. कुणाच्या बंगल्याला आधी तार जाते आणि कुणाची वस्ती मागं राहते ते मी खांबावरून बघितलंय. मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. मार्था खूश झाली. प्रमोदही मान हलवत होता.

लीला म्हणाली, "रश्मी, विचार त्यांना. एवढी वर्षं ती बाई शिवण-टिपण, कैद्यांचं रांधणं कशाच्या उजेडात करायची?"

"कंदिलाच्या," मार्था म्हणाली.

"तिला विचारलं होतं का त्यांनी?"

रश्मीनं ते इंग्रजीत केलं आणि मार्थाची खुर्ची झुलायची थांबली. मग म्हणाली, नाही. आजीला कुणी विचारलं नाही, आणि मलासुद्धा आजपर्यंत कुणी हे विचारलं नाही. ही गोष्ट दर वर्षी सांगतात, लोक टाळ्या वाजवतात. मग तिनं जे सांगितलं ते जत्रेच्या गोष्टीत नव्हतं. मार्थाचे आई-वडील गावातच वेगळ्या घरात राहायचे, त्यांच्याकडं वीज होती. आजी चालत यायची, हातात शिवण असायची. आली की आधी भिंतीपाशी जाऊन बटण दाबायची. दिवा लागला की त्याच्याकडं बघून हसायची. परत बंद करायची. परत लावायची. मग उजेडाखाली बसून डोळे बारीक करून शिवायची. मार्था शाळेत असताना एका वसंतात आजी गेली. त्याच वर्षी पानगळीत पठारावरच्या शेवटच्या शेतात दिवा लागला आणि आजोबांच्या घरी तार आली. आजोबांनी त्या बटणाला हात लावला नाही. जिवंत होते तोवर ते कंदिलाच्या उजेडातच बसले. याच व्हरांड्यात.

"तिचं नाव काय होतं?" लीलानं विचारलं.

"ऑगस्टा," मार्था म्हणाली. "दगडावर नाव नाही तिचं. दगडावर 'शेरीफ आणि पत्नी' आहे." आणि तिनं चाचपडत लीलाचा हात धरला आणि म्हणाली, "ऑगस्टा. थँक यू, गोडा."

मी रश्मीला हळूच म्हटलं, "परत मसाला संपला का यांचा?"

रश्मी माझ्याकडं बघतच राहिली. "बाबा, मसाला कसला? आईंना हाक मारतायत त्या. आईंचं नाव नाही का ते? गोदा. त्यांना द म्हणता येत नाही. मला वाटलं तुम्हाला माहीत आहे."

माहीत होतं की. लग्नपत्रिकेवर गोदावरी छापलेलं होतं. पण आमच्या आत्याचं नाव गोदावरी, एका घरात दोन गोदा कशाला म्हणून लग्नात नवं नाव ठेवायचं ठरलं. ताटात तांदूळ पसरले, त्यावर मी अंगठीनं लीला लिहिलं, झालं. तिचे आई-वडील लवकर गेले, पाठीवर भाऊ नव्हता, माहेर असं राहिलंच नाही. तिला गोदा म्हणणारं माणूस कुठून येणार? ते नाव जगात कुणाच्या तोंडात उरलं नव्हतं. आणि आता ते या काटकी बाईच्या तोंडात होतं, आणि मी त्याला मसाला समजत होतो.

घरी जाताना लीला आणि मी मागं राहिलो. पोरं पुढं गेली. दोन घरांमधली वाट ती केवढी, पण आम्ही ती बागेच्या कडेनं लांबवली. फवारे बंद झाले होते आणि झाडांखाली ओला, आंबूस वास होता.

मी म्हटलं, "लीला काय वाईट आहे?"

"वाईट कुठं म्हटलं? आत्याबाईंनी ठेवलेलं आहे. चांगलंच आहे."

"मग?"

"त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं, तुझं नाव काय. तोंडातून हेच आलं. मलाच नवल वाटलं." थोडं चालून ती म्हणाली, "अहो, मला परत जायचं नाही."

मी थांबलो. "तिकडं काय कमी आहे तुला?"

"कमी काही नाही. तिकडं मी मोठ्या वहिनी आहे. दार उघडलं की मोठ्या वहिनी, चूल पेटली की मोठ्या वहिनी. तुमच्या भावांचं, पुतण्यांचं, येणाऱ्या-जाणाऱ्याचं. केलं मी सगळं, रडत नाही केलं. पण आता पुन्हा जाऊन तिथंच उभं राहायला मला बोलावू नका. मी इथं बरी आहे. मला इथलं धुकं आवडतं. ती बाई आवडते. मला बर्फ पडताना बघायचाय."

"आणि मी काय करू? मला इथं एक माणूस ओळखत नाही."

"मला ओळखतात की," ती म्हणाली. "माझ्या ओळखीवर राहा."

मला राग आला. उगाच कशाला खोटं लिहू? चांगला राग आला. मी घरात न जाता मागच्या पायरीवर बसून राहिलो. आतून परातीचा आवाज यायला लागला, मग घंटी कोकलली, आणि मी उठलो नाही. प्रमोदनं टॉवेल हलवला असेल. समोर पठारावर धूळ खाली बसत होती आणि दूरवर, अगदी कडेला, एका शेतघरात दिवा लागला. तेच शेवटचं शेत का ते मला माहीत नाही. मला तेव्हा वाटलं, तेच. एवढ्या लांबवर तार ओढायची म्हणजे किती खांब, किती माणसं, मी मनात मोजायला लागलो आणि मधेच सोडून दिलं. शेरीफ मोठा माणूस, पण त्याच्या पायरीवर बसायला मला नको वाटलं.

जेवताना मी प्रमोदला म्हटलं, "तिकिटं कॅन्सल कर."

तो आईकडं बघायला लागला. "आई, तू काही बोललीस का बाबांना?"

"तिच्याकडं काय बघतोस? मी सांगतोय ना."

"नाही, पण बाबा, तुम्हालाच तर जायचं होतं."

"मला जायचंच आहे," मी म्हटलं. "तिला नाही जायचं."

लीलानं माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. मी मागितली नव्हती. तिचे डोळे खाली होते, पण कान लाल झाले होते, नव्या नवरीसारखे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बॅगा उघडल्या. गावी न्यायचं सगळं तिनं महिनाभर आधीपासून भरून ठेवलं होतं. चादरी, साबण, अत्तराच्या बाटल्या, भावजयांना कापडं. ती पलंगावर आडवी झाली होती, गुडघे दुखत होते. मी एकेक वस्तू हातात घ्यायचो आणि विचारायचो, "हे कुठं ठेवू?" मला या घरातलं काही माहीत नव्हतं. कुठली वस्तू कुठल्या कपाटात, कुठला खण कशाचा, काही नाही. ती डोळे मिटूनच सांगायची. "वरच्या खणात. अहो, तो नाही, त्याच्या बाजूचा." खिडकीतून मालगाडीचा अर्धा भोंगा आला आणि गेला. ऊन पलंगावर सरकत तिच्या पायांपर्यंत आलं. ती आता नाही, आणि मला काही सापडेनासं झालं की मी मधल्या खोलीत उभा राहून मोठ्यानं विचारतो. पोरं कामावर असतात, कुणी ऐकत नाही. त्या दुपारी तिनं सांगितलं तिथंच सगळं आहे, मी हलवलेलं नाही.

सगळ्यात खाली तिचं हिरवं लुगडं निघालं. गावी पोचल्यावर, एसटीतून उतरताना नेसायचं म्हणून तिनं ते वेगळं काढून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी नदीकाठची जत्रा होती आणि मार्थानं तिला आपल्या शेजारची खुर्ची धरून ठेवणार असं सांगितलं होतं.

"हे कुठं ठेवू?" मी विचारलं.

तिनं डोळे उघडले. "ते राहू द्या बाहेर," ती म्हणाली. "उद्या नेसते."